अडीच लिटरचं फ्लोटेशन सेल: फेल्डस्पारचा रंग काढायला कितपत उपयोगी?

फेल्डस्पार हे सिरॅमिकमध्ये लागणारं खनिज. त्याची भुकटी गोणीत पांढरी दिसते आणि भट्टीतून पिवळट होऊन, नाहीतर अंगावर काळे ठिपके घेऊन बाहेर येते. ग्लेझ (मातीच्या वस्तूंवरचा काचेसारखा लेप) बनवणाऱ्यांना आणि सिरॅमिकच्या कच्च्या मालाचा व्यापार करणाऱ्यांना हे नवीन नाही. हा रंग मुख्यतः लोहाचा. काळं अभ्रक, गार्नेट, टुर्मलिन, हॉर्नब्लेंड, हेमॅटाइट या खनिजांतून ते खाणीपासूनच सोबत येतं. जोडीला रुटाइल, इल्मेनाइट किंवा स्फीनमधलं टायटॅनियम असलं की पिवळेपणा आणखी चढतो. यातला बराचसा भाग फेसावर तरंगवून, म्हणजे फ्लोटेशनने, काढता येतो: रसायन नको असलेल्या कणांना धरतं, ते कण हवेच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेल्डस्पार खाली राहतो. आपल्या मालातून नेमका किती निघेल, हे ट्रकभर माल घेण्याआधी कळावं म्हणून प्रयोगशाळेत वापरायचं छोटं फ्लोटेशन सेल विकत मिळतं. अशाच एका देशी बनावटीच्या संचाचं हे परीक्षण. चाचण्या सोलापुरात, चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडमध्ये, इथलंच पाणी वापरून केलेल्या आहेत.

संचात अडीच लिटरचं ॲक्रिलिकचं पात्र, पट्ट्यावर फिरणारा इम्पेलर (ढवळणारा पंखा), हवेचा व्हॉल्व्ह, फेस ओढायच्या दोन पळ्या, रसायनांच्या चार बाटल्या आणि एक पातळ पुस्तिका येते. निकाल आधीच सांगतो: यंत्र घेण्यासारखं आहे, पुस्तिका मात्र सोलापुरात जशीच्या तशी चालत नाही. कारण यंत्रात नाही, पाण्यात आणि धुळीत आहे. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा त्यांच्याबद्दलच जास्त लिहावं लागतंय.

धुळीपासून सुरुवात करू. सोलापूर उभं आहे काळ्या बेसाल्टवर. फेल्डस्पारच्या खाणी इथे नाहीत. माल येतो तो राजस्थानातून, नाहीतर हैदराबाद रस्त्याने तेलंगणातल्या महबूबनगर, रंगारेड्डीच्या बाजूने. बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं ढोबळमानाने १२ टक्क्यांच्या आसपास असतात, टायटॅनियमही दोन-तीन टक्के असतं. आता हिशोब करा. चांगल्या सिरॅमिक मालात लोह ०.१ टक्क्याच्या आत हवं असतं. शंभर ग्रॅम फेल्डस्पारवर एक ग्रॅम बेसाल्टची धूळ बसली तर लोह जवळपास ०.१२ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे सेलने दिवसभर राबून जे काढलं, ते गच्चीवर उघड्यावर वाळत घातलेल्या एका ताटात परत येतं. नमुना झाकूनच वाळवा, खडीच्या क्रशरच्या दिशेची खिडकी बंद ठेवा, आणि दळणासाठी लोखंडी खलबत्ता किंवा दगडी पाटा अजिबात वापरू नका. इथला पाटा म्हणजे बेसाल्टच. चिनी मातीचा किंवा अगेटचा (अकीक दगडाचा) खल घ्या. बॉल मिल असेल तर पोलादी गोळ्यांऐवजी ॲल्युमिनाच्या गोळ्या आणि ॲल्युमिनाचंच अस्तर हवं.

दुसरी गोष्ट खरेदीच्या वेळीच लक्षात ठेवायची. बाजारात २०० मेशची (मेश म्हणजे चाळणीचं माप; आकडा मोठा तितकी भुकटी बारीक) तयार भुकटी सहज मिळते आणि बरेच जण तीच सेलमध्ये घालून बघतात. ती फ्लोटेशनसाठी चुकीची आहे. इतक्या बारीक दळणात अतिसूक्ष्म गाळ, ज्याला या धंद्यात स्लाइम म्हणतात, फार असतो. त्याचा पृष्ठभाग प्रचंड, त्यामुळे रसायन तोच पिऊन टाकतो आणि वर चांगल्या कणांना लेपासारखा चिकटतो. मागवायचे ते खडे किंवा दाणे. ते घरी ३० मेशच्या खाली, म्हणजे साधारण ६०० मायक्रॉनपर्यंत दळायचे. तेही दोन-दोन मिनिटांच्या हप्त्यांनी: दळा, चाळा, वर राहिलेलं पुन्हा दळा. एकदम वीस मिनिटं मिल फिरवली की अर्धा माल स्लाइम झालाच म्हणून समजा. चाळलेले दाणे दहापट भिंगाखाली पाहावेत. काळं अभ्रक आणि फेल्डस्पार वेगवेगळे दाणे होऊन पडलेले दिसले तर फ्लोटेशनला अर्थ आहे. एकाच दाण्यात दोन्ही अडकलेले दिसले तर ४० मेशपर्यंत जा. आणि फेल्डस्पारचा दाणा आतूनच गुलाबी असेल तर थांबा. तो गुलाबीपणा बहुतेक वेळा स्फटिकाच्या आत विखुरलेल्या हेमॅटाइटच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. कितीही फेस काढला तरी तो रंग जात नाही. असा माल या यंत्राने पांढरा होत नाही म्हणून यंत्राला नावं ठेवू नयेत.

दळल्यावर गाळ काढायचा. पुस्तिका याला एका ओळीत उडवून लावते, आणि खरं पाहता अर्धी लढाई इथेच असते. बादलीत भरपूर पाणी घ्या, दाणे ढवळा आणि पाण्याची उंची १५ सेंटिमीटर राहील असं बघा. २० अंश तापमानाच्या पाण्यात २० मायक्रॉनचा कण एवढं अंतर साधारण सात मिनिटांत खाली येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणीच ३५ अंशाचं असतं. तेव्हा त्याला पाच मिनिटंच लागतात, कारण गरम पाणी पातळ होतं. तेवढं थांबून वरचं गढूळ पाणी हळूच ओतून द्यायचं, आणि वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत हे तीन-चार वेळा करायचं.

इथे बोअरचं पाणी पहिला दगा देतं. जड पाण्यातलं कॅल्शियम गाळाच्या कणांना एकमेकांना चिकटवतं, त्यांचे गोळे होतात आणि ते दाण्यांसोबतच तळाला बसतात. वरचं पाणी पहिल्याच फेरीत नितळ दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, माल स्वच्छ आहे. प्रत्यक्षात सगळा स्लाइम खालीच असतो. चाचणी सोपी आहे: तळाचे दाणे चमचाभर काढून काचेच्या ग्लासात आरओच्या पाण्यात ढवळा. ग्लास दुधाळ झाला तर गाळ गेलेलाच नाही. ही धुलाई आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात करा, आणि टनाला ५०० ग्रॅम या हिशोबाने सोडियम सिलिकेट घाला, म्हणजे ७०० ग्रॅम नमुन्याला ०.३५ ग्रॅम. त्याने कण सुटे राहतात. शेवटची एक फेरी मात्र साध्या आरओच्या पाण्याची हवी, म्हणजे सिलिकेट पुढे जात नाही.

आता सेल. अडीच लिटरच्या पात्राला ७०० ग्रॅम नमुना बरोबर बसतो. ७०० ग्रॅम फेल्डस्पार आणि २.१ लिटर पाणी मिळून २५ टक्के घन होतं आणि पात्रात वर फेसाला बोटभर जागा उरते. पुस्तिका ५०० ग्रॅम सांगते. त्यात लगदा (दाणे आणि पाण्याचं मिश्रण) पातळ राहतो आणि फेसासोबत पाणीच जास्त येतं. रसायन मुरवताना मात्र लगदा दाट हवा, ६० ते ६५ टक्के घन. ७०० ग्रॅमला ४६७ मिली पाणी घातलं की ६० टक्के होतं, पण ते सगळं मिळून जेमतेम पाऊण लिटर भरतं. एवढ्याशा लगद्यात हा इम्पेलर नीट बुडत नाही, फक्त बाजूला उडवतो. संचातली ही पहिली उणीव. मुरवण्यासाठी वेगळं एक लिटरचं प्लॅस्टिकचं भांडं आणि वरून फिरणारा छोटा ढवळक लागतो, तो स्वतंत्र घ्यावा लागतो.

पहिली पायरी अभ्रकाची. सल्फ्युरिक ॲसिडने पीएच ३ च्या जवळ आणायचा, टॅलो अमाइन ॲसिटेट (अभ्रकाला धरणारं रसायन, पुढे नुसतं अमाइन) टनाला १५० ग्रॅम या प्रमाणात घालायचं. ७०० ग्रॅमला ०.१०५ ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या द्रावणाचे साडेदहा मिली. हे द्रावण कोमट पाण्यात आणि रोज ताजं करा. दोन मिनिटं मुरवा, पात्रात पाणी वाढवा, फेसासाठी एमआयबीसी या अल्कोहोलचा एक थेंब टाका, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पीएच ३ का, हे समजून घेण्यासारखं आहे. अभ्रकाच्या थरांवरचा ऋण प्रभार स्फटिकाच्या रचनेतच असतो, ॲसिडने तो पुसला जात नाही, त्यामुळे धन प्रभाराचं अमाइन तिथे ॲसिडमध्येही चिकटतं. फेल्डस्पार आणि त्याच्यासोबत येणाऱ्या गारगोटीचा (क्वार्ट्झ) प्रभार एवढ्या आम्लात जवळजवळ संपलेला असतो, म्हणून ते खाली राहतात.

ही पायरी नीट जमली की फेस ओळखू येतो. अर्ध्या मिनिटात बुडबुड्यांवर चकाकणारे पत्रे चढतात, खिडकीकडे तोंड करून पात्र ठेवलं तर फेसाची वरची बाजू माशाच्या खवल्यासारखी लकाकते. दीडेक मिनिटानंतर चकाकी कमी होते आणि बुडबुडे मोठे, पारदर्शक, रिकामे दिसू लागतात. तिथे ओढणं थांबवायचं. फेस खरखरीत आणि पांढरा, जाडसर दाण्यांचा येऊ लागला तर अमाइन जास्त झालंय आणि आपला फेल्डस्पारच फेसातून चाललाय.

दुसऱ्या, म्हणजे लोहाच्या खनिजांच्या पायरीआधी दाणे दोनदा धुऊन पाणी ओतून द्या. उरलेलं अमाइन आणि आता घालायचं पेट्रोलियम सल्फोनेट एकमेकांच्या विरुद्ध प्रभाराची आहेत. एकत्र आली की एकमेकांनाच धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात. मग पुन्हा दाट लगदा, पुन्हा पीएच ३, आणि सल्फोनेट टनाला ४०० ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण २८ मिली. पाच मिनिटं मुरवा. घाई इथे महागात पडते, सल्फोनेटला पसरायला वेळ लागतो. या पीएचला लोहाच्या ऑक्साइडांचा पृष्ठभाग धन असतो, सल्फोनेट ऋण, म्हणून ते त्यांनाच धरतं. गार्नेट, टुर्मलिन, हॉर्नब्लेंडही याच फेसात येतात. फेस तपकिरी, थोडा तेलकट आणि आधीपेक्षा बसका असतो. हा जितका काळपट तितकं समाधान. दोन ते तीन मिनिटांत तो फिका पडतो.

रुटाइल आणि स्फीन काही वेळा या पायरीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी ओलेइक ॲसिडची तिसरी पायरी असते, पीएच साधारण ६ ला. आणि इथे पाणी पूर्ण आडवं येतं. बोअरच्या पाण्यात कपडे धुताना साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या काठावर पांढरी साय धरते, हे घरोघरी माहीत आहे. ओलेइक ॲसिड म्हणजे साबणाचाच भाऊ. जड पाण्यात तेही कॅल्शियमसोबत तशीच साय धरतं, खनिजापर्यंत पोचतच नाही. ही पायरी करायची असेल तर आरओच्या पाण्याला पर्याय नाही.

पाण्याचा दुसरा दगा ॲसिडच्या हिशोबात आहे, आणि पुस्तिका सर्वात जास्त इथेच फसवते. तिने ॲसिडचं प्रमाण ग्रॅममध्ये दिलंय, पीएचचा आकडा नुसता कंसात टाकलाय. शुद्ध पाण्यात २.१ लिटरचा पीएच ३ करायला फक्त ०.१ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड पुरतं. बोअरच्या पाण्याची क्षारता (ॲसिड मारण्याची ताकद) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला ३०० मिलिग्रॅम धरली, तर ती मारण्यातच ०.६२ ग्रॅम जातं. म्हणजे सहापट ॲसिड खनिजाला हात न लावता पाण्यातच संपतं. पुस्तिकेतलं माप घालून थांबलं तर पीएच सहा-साडेसहावर अडकतो. तिथे लोहाच्या कणांचा धन प्रभार क्षीण होतो, सल्फोनेट त्यांना धरत नाही. उलट अमाइन फेल्डस्पार आणि गारगोटीला चिकटायला लागतं. कचरा खाली आणि माल वर, असं सगळं उलटं होतं. त्यात भर म्हणजे बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याने छान भरगच्च फेस येतो आणि काम होतंय असं वाटतं. म्हणून ॲसिड मापून नव्हे, पीएच मीटर बघून घाला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा बघा, कारण तो परत वर सरकतो. मीटर संचात नाही. पीएच पेपरवर भागवू नका, तपकिरी लगद्यात त्याचा रंग वाचता येत नाही.

महापालिकेचं पाणी बोअरपेक्षा बरं पडतं, पण तेही एकसारखं नसतं. शहराला उजनीच्या थेट जलवाहिनीतून, टाकळीहून भीमेचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं असं तीन ठिकाणांहून पाणी येतं, आणि नळ काही दिवसांआड सुटतो. टाकी नव्याने भरली की क्षारता नव्याने मोजा. एका टाकीवर बसवलेली मात्रा पुढच्या टाकीला लागू पडेलच असं नाही. तुलनेच्या चाचण्या करायच्या असतील तर सगळ्या एकाच वेळी भरून ठेवलेल्या पाण्यावर उरकाव्यात.

यंत्राच्या बांधणीकडे वळू. मोटर शांत आहे, बेअरिंग चांगली आहेत, पात्र काढणं-बसवणं एका हाताने होतं. हवेचा व्हॉल्व्ह बारीक फरकाने उघडतो, हे विशेष आवडलं. वेगाची तबकडी मात्र नुसत्या एक ते दहा अशा खुणांची आहे, मिनिटाला किती फेरे ते कळत नाही. अशा पात्राला साधारण १,००० ते १,२०० फेरे लागतात, त्यामुळे हातात धरायचा टॅकोमीटर घेऊन तबकडीवर स्वतःच्या खुणा करून घ्याव्या लागतात. लगदा दाट झाला की पट्टा घसरतो, आवाजात फरक पडत नाही, फक्त फेस मरतो. पट्टा बोटाने दाबून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर ताण वाढवा.

वीज मध्येच गेली तर दाणे इम्पेलरभोवती घट्ट बसतात. वीज परत आल्यावर तसंच चालू केलं तर पट्टा जळतो. आधी डोकं वर उचला, दाणे हाताने मोकळे करा, मग फिरवत फिरवत खाली आणा.

सर्वात गंभीर दोष अगदी लहान आहे. इम्पेलर स्टेनलेस स्टीलचा, दांडा स्टेनलेस स्टीलचा, पण दोघांना धरणारा स्क्रू साध्या लोखंडाचा, वरून मुलामा दिलेला. पीएच ३ च्या काही चाचण्यांत मुलामा निघतो आणि स्क्रूभोवती तपकिरी कडं दिसू लागतं. लोह काढायच्या यंत्रातूनच लोह मालात मिसळतं. उपाय स्वस्त आहे: त्याच मापाचा ३१६ स्टेनलेस स्टीलचा स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातून आणून पहिल्याच दिवशी बदला. पण हे बनवणाऱ्याने करायला हवं होतं, एवढं नक्की.

ॲक्रिलिकच्या पात्राची एक काळजी. अमाइन भिंतीला चिकटून राहतं आणि पुढच्या सल्फोनेटच्या चाचणीत घोळ करतं. ते काढायला स्पिरिटने पुसण्याचा मोह होतो. पुसू नका, ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात. ६० अंशांपर्यंतचं गरम पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा पुरतो. त्याहून चांगलं म्हणजे दोन पात्रं ठेवणं, एक फक्त अमाइनसाठी.

विक्रेते हायड्रोफ्लुओरिक ॲसिडची बाटलीही जादा म्हणून देऊ करतात. ती घेऊ नका. गारगोटीपासून फेल्डस्पार वेगळा करायला ते वापरतात. रंगीत अशुद्धी काढायला लागत नाही. ते कातडीतून आत जाऊन हाडांपर्यंत इजा करतं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, खास हातमोजे, धुराची हवा खेचणारी सोय यांशिवाय त्याला हात लावणं धोक्याचं आहे. छोट्या शेडमध्ये त्याला जागा नाही.

निकाल वाचायचा तो भाजलेल्या गोळीवर. धुऊन झाकून वाळवलेला माल २०० मेशपर्यंत दळा, फ्लोटेशनआधीच्या आणि नंतरच्या भुकटीच्या दोन सारख्या गोळ्या करा आणि १,२०० अंशांच्या वर एकाच भट्टीत, शेजारी शेजारी भाजा. काळे ठिपके दिसले तर अभ्रक, टुर्मलिन किंवा दळणातला लोखंडाचा कण राहिलाय. आधी लोहचुंबक फिरवून बघा, मग अभ्रकाच्या पायरीकडे परत जा. ठिपके नाहीत पण गोळी सगळीकडून सारखी पिवळट आहे, तर लोह बारीक विखुरलेलं आहे: एकतर गाळ नीट गेला नाही, किंवा ते स्फटिकाच्या आत आहे. गाळ काढून पुन्हा चाचणी केल्यावरही छटा तीच राहिली, तर त्या खाणीचा माल सोडून द्यावा. काही काळ्या खनिजांसाठी कोरडा, ताकदवान चुंबकीय विभाजकही चालतो आणि त्याला पाणी लागत नाही. पण पांढऱ्या अभ्रकावर आणि रुटाइलवर त्याचा जोर चालत नाही, म्हणून तो फ्लोटेशनची जागा घेत नाही.

चाचणीनंतरचं आम्ल पाणी गटारीत सोडू नका. बादलीत चुना घालून पीएच ७ च्या वर न्या, रात्रभर निवळू द्या, तळाचा गाळ वेगळा ठेवा.

मागवताना यादीत एवढं वाढवून सांगा: दुसरं पात्र, दोन जादा पट्टे, फेऱ्यांचा आकडा दाखवणारी तबकडी शक्य असल्यास, आणि रसायनांच्या बाटल्यांवर भरल्याची तारीख. आमच्या संचातल्या अमाइनच्या बाटलीवर ती नव्हती, आणि तळाशी घट्ट गोळा झालेला होता. बाटली कोमट पाण्यात ठेवून तो पूर्ण विरघळला, तर वापरता येतं; दाणे तसेच राहिले तर बदलून मागा.